तुम्ही ऐकलं नसेल

रावेतमध्ये राहायचं तर दोन प्रश्नांची उत्तरं कायम तयार ठेवावी लागतात. पहिला प्रश्न सकाळचा. 'तुमच्या विंगला पाणी आलं का?' नोव्हेंबर २०१९पासून पिंपरी-चिंचवड महापालिका दिवसाआड पाणी सोडते. शहरासाठी पवनेचं पाणी उचलतात ते आमच्याच रावेतच्या बंधाऱ्यावरून. म्हणजे पाणी आमच्या दारावरून साऱ्या शहराला जातं आणि आमच्या दारात टँकर येतो. पण या प्रश्नाचं उत्तर निदान 'हो' किंवा 'नाही' असं देता येतं. दुसरा प्रश्न रात्रीचा, आणि घाम फोडणारा. 'सध्या काय ऐकतोयस?'

आमच्या सोसायटीत हा प्रश्न कुणी सहज म्हणून विचारत नाही. ती तोंडी परीक्षा असते. 'जुनी हिंदी गाणी' म्हणालात तर समोरचा दुखवट्याला आल्यासारखी मान हलवतो. 'जे लागेल ते' म्हणालात तर तो लिफ्टच्या आरशात स्वतःचे केस नीट करू लागतो. बरोबर उत्तर एकच. जरा थांबायचं, लिफ्टच्या छताकडे बघायचं आणि म्हणायचं, 'एक बँड आहे... तुम्ही ऐकलं नसेल.' हे वाक्य बोलताना माणसाच्या चेहऱ्यावर जो आनंद पसरतो, तो प्रत्यक्ष गाणं ऐकताना मी कुणाच्याही चेहऱ्यावर पाहिलेला नाही. माझ्याही.

शनिवारी रात्री गच्चीवर, पाण्याच्या टाकीच्या आडोशाला आमचं मंडळ भरतं. मंडळाला नाव नाही. नाव ठेवायचा ठराव आला होता. पण नाव ठेवलं की लोकांना कळणार, कळलं की लोक येणार, आणि लोक आले की त्यात आपलं वेगळेपण ते काय राहिलं, असा मुद्दा निघाला आणि ठराव बारगळला. आमचा म्होरक्या हिंजवडीत कोड लिहितो, म्हणून तो हिंजवडीवाला. दुसरा आकुर्डीकडच्या एका कॉलेजात शिकवतो, तो प्राध्यापक. तिसऱ्याने इंजिनिअरिंगच्या गॅदरिंगमध्ये ड्रम वाजवले होते. त्याला आजही ड्रमर म्हणतात, आणि तो आजही टेबल दिसलं की वाजवतो. मी चाकणच्या एका कंपनीत परचेसला आहे. नट-बोल्ट खरेदी करणाऱ्याचं प्रायोगिक संगीताबद्दलचं मत काय म्हणून ऐकून घ्यायचं, असं मंडळात सगळ्यांना वाटतं. मलाही वाटतं. पण गच्चीची किल्ली माझ्याकडे असते.

पद्धत साधी आहे. प्रत्येकाने आपलं एक गाणं लावायचं, बाकीच्यांनी गप्प बसून ऐकायचं. पण ही गाणी कधी सुरू होतात आणि कधी संपतात हे बाहेरून कळत नाही. सुरुवातीला बराच वेळ वारा सुटल्यासारखं काहीतरी होतं, मग एक बाई लांबून कुणाला तरी हाक मारते, मग पुन्हा वारा. एकदा ड्रमरने न राहवून विचारलं, 'गाणं कधी सुरू होणार रे?' हिंजवडीवाला म्हणाला, 'संपत आलंय.'

ऐकून झालं की मत द्यावं लागतं, आणि खरी मजा तिथे आहे. मी काही वाक्यं पाठ करून ठेवली आहेत. 'टेक्श्चर चांगलं आहे.' हे कशालाही चालतं. 'यांनी मोकळ्या जागा फार छान वापरल्यात.' हे काहीच ऐकू आलं नाही तेव्हा. आणि रामबाण म्हणजे, 'यांचं आधीचं काम जास्त प्रामाणिक होतं.' हे वाक्य म्हणायला त्या बँडचं आधीचं काम ऐकलेलं असावं लागत नाही, आत्ताचंही नाही. एकदा प्राध्यापकाने एका बँडचा पहिलाच अल्बम लावला आणि मी सवयीने तेच म्हणून गेलो. सगळे गप्प झाले. मला वाटलं, आता किल्ली काढून घेणार. पण हिंजवडीवाला हळूच म्हणाला, 'बरोबर आहे. यांच्या डेमो टेप्स वेगळ्याच होत्या.' त्या दिवसापासून मंडळात माझ्या शब्दाला वजन आलं.

बँडच्या नावांचे घोळ तर विचारू नका. कोलकात्याचे 'पारेख अँड सिंग' हे आईला सीएचं ऑफिस वाटलं, आणि त्या दोघांचे फिकट रंगाचे टापटीप सूट पाहून तिची खात्रीच पटली. दिल्लीच्या 'पीटर कॅट रेकॉर्डिंग कंपनी'चं नाव घेतलं तेव्हा आमच्या परचेसच्या साहेबांनी तिचा व्हेंडर कोड विचारला. पण सगळ्यांवर ताण केली ती कॅलिफोर्नियातल्या सॅक्रामेंटोत १९९६ साली निघालेल्या एका बँडने. त्याचं नाव म्हणजे नुसती तीन उद्गारचिन्हं. लिहायचं '!!!' आणि म्हणायचं 'चिक चिक चिक'. हिंजवडीवाल्याने एकदा पहाटे सहाला मला निरोप टाकला, '!!!'. मागे-पुढे अक्षर नाही. मी कंपनीच्या बसमध्ये डुलक्या काढत होतो. दचकून उठलो, त्याला फोन लावला, तो उचलेना. म्हणून वॉचमनला लावला. वॉचमन पंपरूमकडे धावला. तो का धावतोय म्हणून दोन बिऱ्हाडं बाहेर आली, त्यांना बघून बाकीची, आणि सव्वासहापर्यंत आमच्या अख्ख्या विंगने बादल्या, पिंपं, कुकरसुद्धा भरून ठेवले. संध्याकाळी गडी शांतपणे विचारतो, 'ऐकलंस का?'

आता या हिंजवडीवाल्याचा स्वभाव सांगितला पाहिजे, कारण तो कमी-अधिक प्रमाणात आम्हा सगळ्यांचा आहे. त्याचं प्रेम उत्कट असतं, पण त्याला एक अट असते. ते गाणं दुसऱ्या कुणाला आवडता कामा नये. प्रतीक कुहाडवर त्याचा फार जीव होता. त्याचं 'कोल्ड मेस' हा आम्हाला बसवून ऐकवायचा, आमच्या डोळ्यांत पाणी येतंय का ते वाकून बघायचा. २०१९च्या अखेरीला बराक ओबामांनी आपल्या आवडत्या गाण्यांची यादी जाहीर केली आणि त्यात हे गाणं निघालं. आम्ही पेढे घेऊन त्याच्या घरी गेलो, तर हा सुतक धरून बसलेला. 'संपलं,' म्हणाला. 'आता कुणीही ऐकणार.' कुणीही म्हणजे अमेरिकेचा माजी राष्ट्राध्यक्ष! आम्ही पेढे तिथेच खाल्ले.

'अरे, पण चांगल्या गोष्टी लोकांपर्यंत पोचायला नकोत का?' प्राध्यापक म्हणाला.

'पोचाव्यात ना. पण सावकाश.'

सावकाशीच्या बाबतीत मात्र या जमातीला तोड नाही. 'माय ब्लडी व्हॅलेंटाइन'चा 'लवलेस' हा अल्बम १९९१चा. त्यानंतरचा आला २०१३ साली. मध्ये बावीस वर्षं गेली. जगभरचे रसिक यावर हळहळतात, पण रावेत-पुनावळे भागात बुकिंग करून पझेशनची वाट पाहिलेल्या माणसाला त्यात विशेष काही वाटत नाही. सुफ्यान स्टीव्हन्स नावाच्या गायकाने अमेरिकेच्या पन्नास राज्यांवर पन्नास अल्बम करतो म्हणून सांगितलं, मिशिगन आणि इलिनॉय असे दोन केले, आणि पुढे कबूल केलं की ती जाहिरातीची क्लृप्ती होती. हे ऐकून आमच्या सोसायटीचे चेअरमन एवढंच म्हणाले, 'दोन फेज तरी पूर्ण केल्या ना? सज्जन माणूस.'

प्रत्यक्ष कार्यक्रमाला जाण्याचं आमच्या हातून फारसं होत नाही. पुण्याचा 'इझी वाँडरलिंग्ज' हा बँड आम्हाला मनापासून आवडतो, पण तो पडला पुण्याचा. पिंपरी-चिंचवडच्या माणसाला पुण्याचं काही आवडलं तर तो ते चारचौघांत बोलत नाही. शिवाय कार्यक्रम कोरेगाव पार्कला. डांगे चौक, औंध, विद्यापीठ असे घाट चढत आम्ही पोचतो तेव्हा लोक टाळ्या वाजवत बाहेर पडत असतात. या संगीताचा मोठा उत्सव, एनएच सेव्हन वीकेंडर, २०१० साली पुण्यात सुरू झाला. पुढे तो एकदा हिंजवडीला लागून मारुंजीला भरला, म्हणजे आमच्या अगदी हाकेच्या अंतरावर. त्या वर्षी मंडळातलं कुणी गेलं नाही. इतक्या जवळ भरतो त्यात काय दम असणार?

घरातल्या माणसांना या छंदाची झळ बसते ती वेगळी. आइसलंडचा 'सिगुर रोस' हा बँड. त्यांच्या २००२च्या अल्बमला नाव नाही, नुसते दोन कंस आहेत, ( ) असे. आत आठ गाणी, त्यांनाही नावं नाहीत. शब्द आहेत, पण ते कुठल्याच भाषेतले नाहीत. मी हौसेने सीडी मागवली आणि एका रात्री दिवा मालवून लावली. आई पाणी प्यायला उठली.

'कुठली भाषा रे ही?'

'भाषा नाही आई. त्यांनीच बनवलेले उच्चार आहेत. त्यांना अर्थ नाही.'

'त्यांना तरी कळतं का?'

'नाही.'

'मग तू का डोळे पुसतोयस?'

त्या सीडीबरोबर एक पुस्तिका मिळते. तीही कोरी. ऐकणाऱ्याने आपल्याला स्फुरेल ते त्यात लिहावं अशी बँडची इच्छा. मी बरेच दिवस पेन घेऊन बसलो, काही स्फुरेना. आईला स्फुरलं. तिने पहिल्या पानावर दुधाचा हिशोब लिहिला, दुसऱ्यावर इस्त्रीवाल्याचा, आणि तिसऱ्यावर मधोमध 'टँकर जादा १'. हिंजवडीवाल्याने ती पुस्तिका हातात घेतली आणि बराच वेळ पानं उलटत राहिला. मग दबक्या आवाजात म्हणाला, 'काकू, बँडला हेच तर अभिप्रेत होतं.' आई म्हणाली, 'बँडला सांग, सतरा-अठराला दूधवाला आला नव्हता. ते वजा करायचंय.'

मंडळाची खरी कसोटी लागली ती प्रेसशॉपवाले काका गच्चीवर आले तेव्हा. काका भोसरीच्या एका प्रेसशॉपमधून निवृत्त झालेले. उकडतंय म्हणून वर आले होते. त्या दिवशी प्राध्यापकाने १९८० साली पश्चिम बर्लिनमध्ये निघालेला 'आइन्स्टुर्झेंड नॉयबाउटन' लावला होता. ही मंडळी भंगारातले पत्रे, स्प्रिंगा, हातोडे आणि ड्रिल मशीन घेऊन गाणी करतात. (नावाचा अर्थ 'कोसळत्या नव्या इमारती' असा निघतो हे कळल्यावर सेक्रेटरींनी ते नाव गच्चीवर मोठ्याने घ्यायला बंदी केली. सोसायटीतले दोन फ्लॅट विक्रीला आहेत.) काका कठड्याला टेकले, डोळे मिटले, ऐकत राहिले. प्राध्यापकाने मला कोपराने ढोसलं. 'बघ, पोचतंय.'

काकांनी डोळे उघडले. 'बेअरिंग गेलंय.'

'काय?'

'डाव्या बाजूचं. कित्येक दिवस ग्रीस दाखवलेलं नाही. आणि हे ऐक, हे... डबल स्ट्रोक पडतोय. क्लच सुटत नाहीये. बंद करा रे कुणीतरी, ऑपरेटरचा हात जाईल!'

हिंजवडीवाल्याने त्यांना खाली बसवलं, पाणी दिलं आणि समजावलं, की काका, हे मुद्दाम केलेलं आहे, हे संगीत आहे, लोक तिकीट काढून ऐकतात.

'तिकीट काढून?' काकांना ते पटेना. 'आम्ही उभा जन्म हेच ऐकलं. रोज आठ तास. आणि आम्हाला त्याचे पैसे मिळायचे. ओव्हरटाइमला डबल.'

त्यानंतर काका दर शनिवारी येऊ लागले. येताना कंपनीचे इअरप्लग घेऊन येतात आणि आवाजानुसार घालतात किंवा काढतात. त्यांचं परीक्षण आमच्या कुणाहीपेक्षा नेमकं असतं. 'पट्टा घसरतोय.' 'हा पंप हवा धरतोय.' 'याचं अर्थिंग केलेलं नाही.' कौतुक त्यांनी एकदाच केलं. डसेलडॉर्फच्या 'क्राफ्टवर्क'चा १९७८चा 'द मॅन मशीन' लावला होता. काकांनी इअरप्लग काढून खिशात ठेवले. 'हे मशीन चांगलं आहे. टायमिंग बघ. मेन्टेनन्स वेळच्या वेळी झालेलं दिसतंय. जर्मन का?' जर्मन म्हटल्यावर ते मला म्हणाले, 'याचं कोटेशन मागव.'

तिसऱ्या मजल्यावरच्या काकू आमच्यात आल्या त्या तक्रार घेऊन. साडेदहानंतर गच्चीवर भुतं रडतात, असं त्यांचं म्हणणं. त्यांना शांत करायला ड्रमरने 'कॉर्नरशॉप'चं 'ब्रिमफुल ऑफ आशा' लावलं. इंग्लंडमधल्या लेस्टरचा बँड, १९९७चं गाणं, पुढच्या वर्षी नॉर्मन कुकने त्याला वेग दिला आणि ते ब्रिटनमध्ये पहिल्या नंबरवर गेलं. गाण्यातली आशा म्हणजे आपल्या आशा भोसले.

'आमच्या सांगलीच्या आशाताई?' काकू सांगलीच्याच. त्या मटकन खुर्चीत बसल्या. 'आणि तिकडचे लोक त्यांच्यावर गाणं म्हणतात? आणि हे तुम्ही आम्हाला आत्ता सांगताय?' पुढच्या आठवड्यात ते गाणं भिशीत वाजलं, मग हळदी-कुंकवाला, आणि विसर्जनाच्या मिरवणुकीत डीजेने ते ढोलावर चढवलं तेव्हा भोंडवे कॉर्नरपर्यंत लोक नाचत होते. काकू पुढे होत्या. बाल्कनीत दार लावून हिंजवडीवाला दुसऱ्यांदा सुतकात बसला होता.

आम्ही स्वतःला फार वेगळे समजत होतो. तो भ्रम दूर केला डी विंगमधल्या अनवट काकांनी. काका सत्तरीचे. यमन-भूपसारखे राग त्यांना चालत नाहीत. 'ते काय, सगळेच ऐकतात.' त्यांना बसंती केदार लागतो, खट लागतो, रायसा कानडा लागतो. संपूर्ण मालकंस नुसता म्हटला तरी ते कानाला हात लावतात. सवाईला ते पूर्वी नेमाने जात. हल्ली जात नाहीत. का, तर गर्दी होते. हे कारण ऐकून हिंजवडीवाल्याने त्यांच्याकडे प्रथमच नीट पाहिलं.

त्यांना गच्चीवर बोलावलं आणि चरणजित सिंग यांची 'टेन रागाज टु अ डिस्को बीट' लावली. सिंग हे मुंबईच्या चित्रपट-वाद्यवृंदातले वादक. १९८२ साली त्यांनी रोलंड कंपनीची नवी कोरी इलेक्ट्रॉनिक यंत्रं घेतली आणि डिस्कोच्या ठेक्यावर दहा राग वाजवून तबकडी काढली. कुणी फारशी घेतली नाही. २०१०मध्ये ती युरोपात पुन्हा निघाली तेव्हा तिकडचे जाणकार चक्रावले. ज्या अ‍ॅसिड हाउसचा जन्म पुढे शिकागोत झाला असं ते मानत होते, ते हा माणूस मुंबईत आधीच वाजवून बसला होता.

अनवट काका ऐकत होते. बोटं मांडीवर चालत होती.

'ललत आहे,' ते म्हणाले.

'बरोबर, काका!'

'ललत पहाटेचा. आत्ता वाजलेत किती?'

पावणेअकरा झाले होते. आम्ही माना खाली घातल्या. मग तोडी निघाला, तोही सकाळचा. काकांनी घड्याळाकडे बघून सुस्कारा सोडला. पुढे मालकंसला ते जरा सैल झाले, कारण तो तरी रात्रीचा होता.

'आणि हे १९८२मध्ये आपल्याकडे कुणी ऐकलं नाही म्हणता?'

'जवळजवळ कुणीच नाही.'

'मग चांगलं असणार,' काका म्हणाले.

हिंजवडीवाल्याने वाकून त्यांना नमस्कार केला. मी प्रत्यक्ष पाहिला.

पुढच्या शनिवारी काकांनी आम्हाला घरी बोलावलं. कपाटात धोतराच्या पानांखाली कॅसेटी होत्या. एका मोठ्या गवयाची खासगी बैठक, दादरला एका वकिलाच्या घरी झालेली. 'बाजारात नाही. रेडिओकडे नाही. त्यांच्या मुलाकडेही नाही.' त्यांनी कॅसेट लावली. आधी घरघर, मग कपबशांचा आवाज, मग लांबून, विहिरीच्या तळातून आल्यासारखी एक तान. तान समेवर येणार तेवढ्यात कुणीतरी खच्चून खोकलं.

'हा मी,' काका म्हणाले.

हिंजवडीवाल्याने आयुष्यभर गोळा केलेले सगळे बँड त्या एका खोकल्यापुढे फिके पडले. त्याने ऐकलेलं कुणी ऐकलं नसेल, पण अशा रेकॉर्डिंगमध्ये तो स्वतः कुठे होता? परतताना तो जिन्यात एवढंच म्हणाला, 'आपण फार उशिरा जन्मलो.'

या पराभवातून सावरण्यासाठीच त्याने 'झायरिका' काढली. ओक्लाहोमाच्या 'द फ्लेमिंग लिप्स'चा हा १९९७चा अल्बम चार सीड्यांत आहे, आणि त्या चारही सीड्या चार वेगवेगळ्या यंत्रांवर एकाच वेळी लावायच्या असतात. तरच गाणं पूर्ण होतं. ही कल्पना त्यांना पार्किंगमध्ये सुचली. त्यांच्या वेन कॉइनने बऱ्याच गाड्यांमध्ये वेगवेगळ्या कॅसेटी वाटल्या आणि सगळ्यांना एकदम बटण दाबायला लावलं. एका गाण्यात तर इतके उंच आणि खोल आवाज आहेत की सावधगिरीची सूचना छापावी लागली. 'पार्किंग आपल्याकडे आहे,' ड्रमर म्हणाला, आणि ठरलं.

आकुर्डी ते चाकण हा सगळा गाड्या बनवणारा पट्टा. त्यात राहून सीडी प्लेअरवाल्या चार चालू गाड्या मिळेनात. हिंजवडीवाल्याच्या नव्या गाडीत टीव्हीएवढा पडदा आहे, पण सीडी घालायला फट नाही. अखेर प्रेसशॉपवाल्या काकांची जुनी गाडी, अनवट काकांची त्याहून जुनी आणि प्राध्यापकाची सेकंडहँड अशा तीन जमल्या. चौथी तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंची. तिचा प्लेअर चालू होता, पण त्यात 'मनाचे श्लोक'ची सीडी कधीची अडकलेली. ती बाहेर येत नव्हती आणि दुसरी आत जात नव्हती. 'राहू दे,' काकू म्हणाल्या. 'चांगलंच आहे ते.'

चौघं चार गाड्यांत बसले. मी मधे उभा राहून एक, दोन, तीन म्हणणार.

'तीन म्हणताना दाबायचं की म्हटल्यावर?' प्राध्यापकाने काच खाली करून विचारलं.

'समेवर या म्हणजे झालं,' अनवट काका म्हणाले.

'दोन्ही हात बटणावर ठेवा,' प्रेसशॉपवाले काका ओरडले. 'नियम आहे.'

मी तीन म्हटलं. एकाने तीनला दाबलं, एकाने तीननंतर. अनवट काकांच्या गाडीने सीडी वाचायला इतका वेळ घेतला की तोवर पहिलं गाणं निम्मं झालं होतं, आणि काकूंच्या गाडीतून समर्थ वेळेवर सुरू झाले. कुत्री भुंकायला लागली. एका बुलेटचा अलार्म वाजला. सेक्रेटरी बनियनवर खाली आले आणि त्याच क्षणी गेटमधून टँकर रिव्हर्समध्ये आत शिरला, पी-पी-पी-पी करत. वॉचमन 'आने दो, आने दो' म्हणत मागे. प्रेसशॉपवाल्या काकांची बॅटरी बसली आणि एक गाडी गप्प झाली. तेवढ्यात अनवट काकांना धुराने खोकला आला.

हिंजवडीवाला खांबाला टेकून हे सगळं फोनवर रेकॉर्ड करत होता. चेहरा उजळलेला. 'हे जगात कुणाकडे नाही,' तो म्हणाला. अनवट काकांनी रेकॉर्डिंग ऐकून मान डोलावली. 'खोकला स्वच्छ आलाय.' फक्त प्रेसशॉपवाले काका अडून बसले. 'ड्रॉइंगवर चार म्हटलंय तर चार. दोनवर जॉब पास होत नाही. रिजेक्ट.' त्यांनी नवी बॅटरी बसवून घेतली आहे. त्यामुळे आता तीन गाड्या पक्क्या, प्रश्न चौथ्या प्लेअरचा.

तेव्हा रावेत, किवळे, पुनावळे, ताथवडे किंवा अगदी डांगे चौकापर्यंत कुणाकडे सीडी प्लेअर चालू असलेली गाडी असेल, तर तिने येत्या शनिवारी रात्री दहाला आमच्या पार्किंगमध्ये यावं. मुकाई चौकातून कुणालाही 'भुतं रडतात ती सोसायटी' म्हणून विचारलं तरी सांगतील. आत कुठली सीडी अडकलेली नाही ना, तेवढं निघण्यापूर्वी बघावं. चहाची सोय आहे, पाण्याची टँकरवर अवलंबून. आणि ऐकून आवडलं, तर कृपा करून कुणाला सांगू नका.